नाकाला हात लावू का?

नथूअण्णांच्या स्टुडिओत शिरलं की आधी स्टँडवरचा कॅमेरा दिसायचा, मग त्याच्या मागचे दोन पाय, आणि नथूअण्णा स्वतः फार उशिरा दिसायचे. काहींना तर दिसायचेच नाहीत. फोटो काढून, पाकीट घेऊन माणूस निघून जायचा आणि फोटो कुणी काढला म्हणून विचारलं तर म्हणायचा, "होते की कोणीतरी." धारवाडातल्या मळमड्डीसारख्या, एकमेकांच्या चपला ओळखणाऱ्या वस्तीत चाळीस वर्षं दुकान चालवून त्यांनी हे साधलं होतं. कॅमेरा डोळ्याला नसेल तेव्हा त्यांचा डावा हात नाकाशी असायचा. विचारात पडलेला माणूस बोट ओठांवर ठेवतो तसं त्यांचं बोट डाव्या नाकपुडीवर. नवख्या माणसाला वाटावं, अण्णा सतत कसला तरी विचार करताहेत.

त्या बोटाखाली एक खाच होती. नाकपुडीचा खालचा काठ मधेच तुटून वर ओढला गेला होता, वहीच्या पानाचा कोपरा फाटावा तसा. वयाच्या बासष्टाव्या वर्षी ही खाच डॉक्टरकडून भरून घ्यायची की नाही, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्या वर्षी मी त्यांच्या शेजारी राहत होते. मी सांगते आहे ते त्या वर्षातलं आणि त्याच्या थोडं आधीचं.

मी अळणावरची, धारवाडपासून तासाभरावरच्या गावची. वडील लाकडाच्या वखारीत कामाला. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली, त्यामुळे कॉलेजात जायला किती फोटो लागतात हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. प्रवेशाला, वसतिगृहाला, शिष्यवृत्तीला, ग्रंथालयाला, बसच्या पासाला. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून आम्ही चार मुली मळमड्डीत एक खोली घेऊन राहिलो. त्याच घराच्या खालच्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून, अण्णांचा स्टुडिओ आणि मागे त्यांचं बिऱ्हाड. पहिल्या महिन्यात मी तीनदा फोटो काढून घेतले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कॅमेऱ्यामागून आवाज आला, "तंगी, तू काय परदेशात चाललीयस काय?"

तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. ते सगळ्याच मुलींना तसं म्हणायचे.

फोटो काढताना ते कधी कुणाला हसायला सांगत नसत. म्हणायचे, "हनुवटी खाली. श्वास सोडा. हं, आता कुणाची तरी वाट बघा." माणूस गोंधळायचा, कुणाची वाट बघायची या विचारात त्याचा चेहरा सैल व्हायचा, आणि तेवढ्यात अण्णा बटण दाबायचे. एकदा जवळच्या बेलूरच्या कारखान्यातला एक कामगार ओळखपत्राच्या फोटोसाठी आला होता. तो म्हणाला, "मी कुणाची वाट बघत नाही, अण्णा, पगाराची बघतो." "बघ की मग, पगाराची बघ," अण्णा म्हणाले. तो फोटो इतका छान आला की त्यानं घरी लावायला मोठा करून नेला.

अण्णांचा खरा हात होता फोटो काढल्यानंतरच्या कामात. तरुणपणी ते हुबळीला एका जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायला शिकले होते. सुईसारखी टोकदार पेन्सिल करायची, काचेखालून उजेड घ्यायचा आणि देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, वाकडा दात, सगळं एकेक ठिपका देऊन घालवायचं. पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा बरोबरीचे लोक दुकानं बंद करून बसले. अण्णा मात्र पन्नाशीत माऊस धरायला शिकले. त्यांच्या मते यंत्र बदललं होतं, माणसाच्या मनातलं काही बदललं नव्हतं. ते म्हणायचे, "फोटो म्हणजे चारचौघांत न्यायचं तोंड. घरातलं तोंड घरात." लग्नासाठी मुलींचे दाखवायचे फोटो काढून घ्यायला लोक अळणावरहून, हल्याळहून त्यांच्याकडं यायचे.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या कामाबद्दल वेगळंच सांगायच्या. "मी पण असाच फोटो काढायला आले होते, दुसऱ्या स्थळाला दाखवायला. यांनी असा काय फोटो केला! फोटो गेला त्या स्थळाकडं आणि मी राहिले इथं."

"फोटो परत आला होता की," अण्णा आतून म्हणायचे.

"आला होता. 'मुलगी फोटोसारखी नाही' म्हणून चिठ्ठी होती बरोबर. मग हेच आले विचारायला."

"मला ठाऊक होती ना मुलगी. मीच तर फोटो केलेला."

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पहिल्या परीक्षेच्या अर्जासाठी मी अण्णांकडून फोटो काढून घेतला आणि न बघताच अपलोड केला. हॉलतिकिटावर तोच छापून आला. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक बाईंनी हॉलतिकीट हातात घेतलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा हॉलतिकिटाकडं. कन्नडमध्ये विचारलं, "ही तूच काय?" मी हो म्हटलं. त्यांनी शेजारच्या सरांना बोलावलं. दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं. सगळा वर्ग पेपर सोडून माझ्याकडं बघत होता. मग मला ऑफिसात नेलं. ही मीच आहे असं मला लिहून द्यावं लागलं, ओळखीच्या मॅडमनी सही केली, आणि पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाल्यावर मला बसू दिलं.

काय झालं होतं ते मला संध्याकाळी, हॉलतिकीट आरशाशी धरल्यावर कळलं. अण्णांनी माझं नाक बारीक केलं होतं. माझं नाक बसकं आणि रुंद आहे. आमच्याकडं सगळ्यांचं तसंच आहे, वडिलांचं, आत्याचं, भावाचं. फोटोतल्या मुलीचं नाक सरळ होतं, शेंड्याला निमुळतं. ती मुलगी माझ्यापेक्षा छान दिसत होती.

मी खाली गेले. रडायचं नाही असं ठरवून गेले होते. अण्णांनी हॉलतिकीट बघितलं, मग मला बघितलं. त्यांचं बोट नाकपुडीवर गेलं.

"चांगलं दिसावं म्हणून केलं, तंगी," ते म्हणाले. "सगळ्यांचं करतो थोडं थोडं. कोण काही बोलत नाही."

"माझं नाक वाईट आहे हे मला माहीत नव्हतं, अण्णा," मी म्हटलं.

मी हे चिडून म्हटलं नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. तोपर्यंत मला नाक आहे हे सर्दी झाल्यावरच कळायचं. पण त्या दिवसापासून बसच्या काचेत, फोनच्या काळ्या पडद्यात, ताटलीच्या पाण्यात मला आधी नाक दिसायला लागलं. फोनवर मी नाक सरळ करणाऱ्या डॉक्टरांचे व्हिडिओ बघायला लागले. एकीकडे आधीचं नाक, एकीकडे नंतरचं. मला ते कधीच परवडणार नव्हतं, तरी रोज बघायचे. वर्गात ओढणीचं टोक नाकाशी धरून बसायची सवय लागली.

एक दिवस जिन्यावरून उतरताना अण्णांनी मला तसं पाहिलं. ते दारात उभे होते, त्यांचं बोट त्यांच्या नाकावर, माझी ओढणी माझ्या नाकावर. आम्ही दोघं क्षणभर तसेच राहिलो. मग ते म्हणाले, "हात खाली घे, तंगी." आवाज इतका बारीक होता की मला आधी वाटलं ते स्वतःलाच सांगताहेत.

त्यानंतर त्यांनी एक नवीन पद्धत सुरू केली. न्हावी जसा मिशी ठेवू का म्हणून विचारतो, तसे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला लागले, "नाकाला हात लावू का?" लोक दचकायचे. एक निवृत्त मास्तर तर रागावून उठले, "माझ्या नाकाला काय झालंय?" अण्णा म्हणाले, "काही झालेलं नाही सर, म्हणूनच विचारलं." काकू कपाळाला हात लावायच्या. "गिऱ्हाईक पळवायलाय नुसते." पण अण्णांनी सोडलं नाही. डाग, व्रण, दात, प्रत्येक गोष्ट विचारून. हो म्हणणाऱ्यांचं काम पूर्वीसारखंच मन लावून करायचे. फक्त विचारायचे.

मी शेवटच्या वर्षाला गेले त्या उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, अश्विनीअक्काचं, लग्न ठरलं. ती पुण्याला नोकरीला होती. साखरपुड्यासाठी घरी आली तेव्हा तिनं लग्नात पडद्यावर दाखवायला घरातले जुने फोटो काढले. बारसं, पहिलं पाऊल, शाळेचं गॅदरिंग, गोव्याची सहल. जमिनीवर फोटोंचा ढीग पडला होता आणि तिच्या लक्षात आलं, एकाही फोटोत अप्पा, म्हणजे अण्णा, नाहीत.

"फोटो मीच काढायचो की," अण्णा म्हणाले.

"अप्पा, मला शिकवू नका. सेल्फी काढला तरी तुम्ही पाणी प्यायला जाता." तिनं फोटोंचा ढीग बाजूला सारला. मग म्हणाली, "हुबळीत एक डॉक्टर आहेत. मी त्यांच्याशी फोनवर बोललेय. लहान ऑपरेशन असतं. लग्नाआधी बरं पण होईल. मला लग्नात तुम्ही फोटोत पाहिजे."

"तू काय बोलायलीस," अण्णा एवढंच म्हणाले आणि स्टुडिओत गेले. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझं काही म्हणणं नाही बाई. मी बत्तीस वर्षं ते नाक बघत बसले नव्हते. करायचं तर करू देत, नाही तर राहू दे."

अश्विनीअक्कानं पुण्याला जाताना मला बाजूला घेतलं. "आईचे गुडघे दुखतात. तू जा त्यांच्याबरोबर हुबळीला. एकटे गेले तर वाटेत उणकलवरूनच परत येतील."

म्हणून मी गेले. बसमध्ये अण्णा डाव्या बाजूच्या खिडकीशी बसले. ते नेहमी तिथंच बसतात हे मला काकूंनी सांगितलं होतं, पण का ते त्या दिवशी कळलं. तिथं बसलं की डावी नाकपुडी खिडकीकडं राहते.

नवनगर मागं गेल्यावर त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. खिडकीबाहेर बघतच.

त्यांच्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली होती. चौथे हे. ज्या घरात मुलं वाचत नाहीत तिथं नव्या मुलाचं नाक टोचायची रीत होती, मुलगी आहे असं समजून मृत्यूनं पुढं जावं म्हणून. बाराव्या दिवशी आईनं त्यांची नाकपुडी टोचून घेतली, चांदीची बाळी घातली आणि नाव ठेवलं नथू. बारा वर्षांचे झाल्यावर देवीसमोर बाळी उतरवायची, असं बोललेलं होतं.

"पाचव्या वर्षीच उतरली," अण्णा म्हणाले. "हुबळीतच, बाजारात. मी आईचा हात सोडून पळालो. समोरून मालाची गाडी, बैल उधळलेले. आईनं झेप घेऊन मला ओढलं, पोटाशी धरलं. बाळी तिच्या पदराच्या गोंड्यात अडकली. मी भिऊन मान फिरवली, आणि झालं."

"टाके घातले नाहीत?"

"आईनं घालू दिले नाहीत. हळद दाबली. म्हणाली, जिवावरचं होतं, नाकावर निभावलं. त्याला काय न्यायचं होतं ते त्यानं नेलं, आता खातं बंद." ते हसले. "मोठा झाल्यावर मी एकदा विचारलं होतं, आई, हे नीट करून घेऊ काय? चार दिवस जेवली नाही. तिचं म्हणणं, भरलेलं नाक बघून तो परत येणार. जाईपर्यंत तिचं तेच म्हणणं."

"तुमचा विश्वास आहे, अण्णा?"

"छे ग. बी.एस्सी. अर्धवट सोडलेला माणूस मी."  बस एका थांब्यावर थांबून निघाली. "माझ्यासाठी नाही विश्वास," ते म्हणाले. "पण पोरीचं लग्न आलंय."

डॉक्टर तरुण होता, अण्णांना मुलगा शोभेल एवढा. त्यानं चार बाजूंनी फोटो काढले. अण्णांनी आयुष्यात इतके फोटो एकदम काढून घेतले नसतील. डाव्या बाजूचा फोटो काढताना त्यांचा हात दोनदा वर आला आणि नर्सनं दोनदा तो खाली केला. मग डॉक्टरनं कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि पडदा आमच्याकडं फिरवला. "हे बघा, अंकल. असं दिसेल."

अण्णांनी चष्मा पुसला. पडद्याजवळ गेले. पुष्कळ वेळ बघितलं.

"उजेड उजवीकडनं आहे," ते म्हणाले, "आणि सावली पण उजवीकडंच पाडलाय तुम्ही."

डॉक्टर हसला. "ते फक्त कल्पना यावी म्हणून, अंकल."

"आणि हा उंचवटा? वरचा?"

"तो जरा घासला. शेंडा थोडा वर घेतला. एकदा करतोच आहोत तर सगळंच छान होईल."

"हा कोण माणूस आहे?" अण्णांनी मला विचारलं.  मग ते डॉक्टरकडं वळून अगदी शांतपणे म्हणाले, "मी फक्त खाच सांगितली होती. बाकीच्या नाकाला हात लावण्याआधी विचारायचं असतं, डॉक्टर. मी पण हेच काम करतो. मला पण उशिरा कळलं."

डॉक्टरला ते नीट कळलं नसावं, पण तो चांगला होता. वाईट वाटून घेतलं नाही त्यानं. सॉरी म्हणाला, आणि फक्त खाच भरून दुसरं चित्र केलं. कानातला छोटा तुकडा घेऊन ती जागा भरता येईल, बाकी कशाला धक्का लागणार नाही, असं समजावलं. अण्णा ऐकत नव्हते. ते चित्राकडं बघत होते. त्यांचा हात नाकावर नव्हता, गुडघ्यावर होता.

"हे आईचं नाक आहे," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर पुन्हा तेच म्हणाले. "आईचंच होतं की माझ्याकडं. सत्तावन्न वर्षं झाली. मला माहीतच नाही." चित्राची एक प्रत त्यांनी मागून घेतली होती, ती शर्टाच्या खिशात होती. परतीच्या बसमध्येही ते डाव्या खिडकीशी बसले, पण त्या वेळी बाहेर बघत नव्हते. मधेच म्हणाले, "तिनं बघितलं असतं तर ओळखलं असतं काय स्वतःचं?"  

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरला फोन करून तारीख घेतली. लग्नाच्या दीड महिना आधीचा सोमवार. घरात आनंद झाला. अश्विनीअक्कानं फोनवरूनच काकूंना साडीचा रंग बदलायला लावला, का ते मला कळलं नाही. अण्णा ते चित्र कॅश काउंटरच्या काचेखाली ठेवून दिवसातून कितीदा तरी बघायचे.

शुक्रवारी पुण्याहून फोन आला. अश्विनीअक्काला ताप भरला होता.

साधा ताप होता. तिची मैत्रीण बरोबर होती, गोळ्या दिल्या होत्या, रविवारी उतरलाही. पण अण्णांनी शनिवारी सकाळीच डॉक्टरला फोन केला. मी तिथंच होते. परीक्षांचे फोटो आहेत, स्टुडिओत फार गर्दी आहे, तारीख नको, असं ते सांगत होते. त्या वेळी स्टुडिओत मी एकटीच होते, आणि तीही झेरॉक्ससाठी आलेली.

फोन ठेवल्यावर मी धीर करून म्हटलं, "अण्णा, ताप कुणालाही येतो."

"येतो की."

"मग?"

"मग काय. तारीख घेतली नव्हती तोवर आला नव्हता." माझ्याकडं बघून ते म्हणाले, "हस तू. मी पण हसायलोय. हसत हसतच फोन केला."

पण ते हसत नव्हते.

बुधवारी अश्विनीअक्काचा फोन आला. तिचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता. "माझ्या लग्नापेक्षा तुम्हाला दहा पासपोर्ट फोटो मोठे झाले, अप्पा? एक गोष्ट मागितली होती मी. एक!" अण्णा "होय ग, होय ग" करत राहिले. काकू मधे बोलायला गेल्या तर त्यांनी डोळ्यांनीच अडवलं. नंतर काकू म्हणाल्या, "खरं का सांगत नाही तिला?" अण्णा म्हणाले, "सांगून? आपल्याला ताप आला म्हणून बापाचं राहिलं, असं आयुष्यभर म्हणत बसेल." आणि कॅश काउंटरच्या काचेखालचं चित्र काढून त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं. फाडलं मात्र नाही.

लग्न धारवाडातच एका कार्यालयात झालं. अश्विनीअक्कानं हुबळीचा फोटोग्राफर ठरवला होता आणि अप्पांनी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. ती वडिलांशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. सकाळी तिच्या हातात चुडा भरत होते तेव्हा खोलीत मी होते, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. तापाचं, तारखेचं, आजीचं. सांगायला नको होतं कदाचित. मला अजून कळत नाही.  ती चुडा भरणाऱ्या बाईला म्हणाली, "मावशी, जरा थांबा," आणि दोन मिनिटं भिंतीकडं तोंड करून बसली.

कन्यादानाच्या वेळी वराची ओंजळ खाली, तिच्यावर मुलीची, आणि सगळ्यांत वर वडिलांची. काकू पाणी सोडत होत्या. अण्णांचे दोन्ही हात अडकलेले. फोटोग्राफर उजवीकडून कॅमेरा लावून उभा होता. अश्विनीअक्कानं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा, इकडं या. डावीकडनं घ्या. अप्पांचा डावीकडनं घ्या."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. फोटोग्राफर मंडपात इकडून तिकडं फिरून येईपर्यंत, भटजीही थांबले होते तोवर, ते तिच्याकडंच बघत होते. लोकांना ते ज्या तऱ्हेनं बघायला सांगायचे ना, कुणाची तरी वाट बघा म्हणून, अगदी तसं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं त्याला आता वर्ष होईल. माझं शेवटचं वर्ष संपलं होतं, खोली सोडायची होती आणि पदवीच्या अर्जासाठी एक फोटो हवा होता. दुपारी खाली गेले तर अण्णा कॉम्प्युटरपुढं बसले होते. हुबळीवाल्यानं अल्बम छापण्याआधी बघून घ्या म्हणून फोटो पाठवले होते. पडद्यावर कन्यादानाचा फोटो होता, डावीकडून घेतलेला. पाण्याची धार, तीन ओंजळी, अश्विनीअक्काची वर केलेली मान.

आणि अण्णांचं नाक अख्खं होतं. अल्बम करणाऱ्यानं खाच भरून टाकली होती.

"त्यांनी विचारलं नाही?" मी म्हटलं.

"विचारतंय कोण. पोराची चूक नाही. मी पण हेच केलं असतं. चाळीस वर्षं हेच केलं." त्यांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा, पडद्यावर नुसती नाकपुडी राहीपर्यंत. "काम चांगलंय त्याचं. सावली बरोबर धरलीय. डॉक्टरपेक्षा बरा."

मग मला कळलं ते काय करत होते. ते ती खाच परत काढत होते. एकेक ठिपका. काठ तोडून, वर ओढून, आतला काळोख थोडा थोडा भरत. आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यांवरचं सगळं ज्या हातानं पुसलं, त्याच हातानं.

"राहू दे की, अण्णा," मी म्हटलं. "छान दिसतंय. आईचं नाक आहे, तुम्हीच म्हणाला होता."

"आईचंच आहे. पण त्या दिवशी ते नव्हतं. त्या दिवशी हे होतं." ते थांबले. "पोरीनं डावीकडनं घ्यायला सांगितलं होतं. तिला काय दाखवू?"

मी थोडी घुटमळले. मग विचारलं, "आणि ऑपरेशन? आता तर लग्न झालं. अक्का बरी आहे."

"होय. आता भीती नाही. डॉक्टरचा नंबर आहे माझ्याकडं, ते चित्र पण आहे. आता रोज सकाळी दाढी करताना स्वतःला विचारतो, नाकाला हात लावू का?"

"मग काय उत्तर येतं?"

"अजून विचारायलोय. पहिल्यांदाच विचारतंय ना कोणीतरी. घाई कशाला?"

मग त्यांची माऊस फिरवायची गती कमी झाली. त्यांनी मान वाकडी केली, पडद्याकडं बघितलं, कपाळाला आठी घातली. काहीतरी अडलं होतं. स्वतःच्याच खाचेचा आकार त्यांना आठवत नव्हता. कोपरा गोल आहे की टोकदार, किती वर गेलाय, काही आठवेना. इतकी वर्षं ती बोटाखाली होती, त्यांनी ती कधी नीट पाहिलीच नव्हती.

"तंगी, तो आरसा दे बघू."

गिऱ्हाइकांना भांग पाडण्यासाठी भिंतीला टांगलेला छोटा आरसा मी काढून आणला. ते घेतील म्हणून पुढं केला, पण त्यांचे दोन्ही हात कामात होते. उजवा माऊसवर, डावा कीबोर्डवर.

"तूच धर. जरा डावीकडनं," ते म्हणाले. "हं. आता हलू नकोस."

मी आरसा धरून उभी राहिले.